मामी, अजून माणगाव

हरतालिकेच्या दिवशी पोटात काही नसतं आणि घरात कामं डोंगराएवढी असतात. त्यामुळे बायकांनी अधूनमधून गडग्याशी जाऊन उभं राहणं हा उपासाचाच एक भाग आहे, असं आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. गडगा कमरेएवढा. अलीकडे मी, पलीकडे काकू. मध्ये चिऱ्यांवर अळूची जुडी नाहीतर केळीची पानं, आणि मागे पडवीत खुर्ची टाकून बसलेले काकूंचे यजमान, अण्णा. अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले ते शाखा अभियंता म्हणून, पण गाव त्यांना अजून ओव्हरसियरच म्हणतं आणि त्यांनाही तेच आवडतं.

आमची घरं संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाच्या अगदी दारात. पूर्वी हे नुसतं बोलायची रीत म्हणून म्हणायचो. रुंदीकरणात पुढचं खळं गेलं, दोन हापूसची कलमं गेली, आजेसासऱ्यांच्या हातचा गडगा गेला, तेव्हापासून रस्ता खरोखरच दारात आला. रस्ता म्हणजे रस्त्याची जागा. तिच्यावर कधी रस्ता असतो, कधी खडी असते, कधी नुसतं पाणी.

यंदाही भाचा गणपतीला येणार होता. नणदेचा मुलगा, डोंबिवलीला असतो. सकाळी साडेसहाला गाडी काढली म्हणून फोन आला. नऊच्या सुमाराला दुसरा आला. "मामी, वडखळ."

"वडखळ म्हणतोय," मी गडग्यावरून सांगितलं.

"बरा आला की," काकू म्हणाल्या.

अण्णांनी पडवीतून नुसतं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मांडीवरची लांबोडकी वही उघडली. त्या वहीबद्दल सांगते नंतर.

काकू पत्री निवडत होत्या. खाली जुना पेपर पसरलेला. आघाडा, दूर्वा, बेल असं वेगळं करता करता त्या मधेच थांबल्या आणि पेपरवरचं वाचायला लागल्या. काकूंना कुठलाही छापील कागद वाचल्याशिवाय टाकता येत नाही. वाणसामानाच्या पुड्याही त्या उलगडून वाचतात. हा पेपर जूनमधला होता.

"शक्तिपीठ महामार्ग," काकू म्हणाल्या. "हा कुठला गं नवीन?"

"नागपूरकडचा. वर्ध्याजवळ पवनार आहे ना, तिथून निघणार आणि पत्रादेवीला उतरणार. ८०२ किलोमीटर."

"पत्रादेवी म्हणजे आपली? बांद्याच्या पुढची?"

"तीच."

"म्हणजे हाही गोव्यालाच?"

"गोव्यालाच."

काकूंनी आघाड्याची काडी हातात तशीच धरली. "मग आपला कुठं चाललाय?"

पडवीतून अण्णांचा खोकला ऐकू आला. अण्णांना हसू आलं की ते खोकतात.

काकूंचं चुकलं काहीच नव्हतं. कोकणातल्या माणसानं गोव्याचे रस्ते मोजायला घेतले तर बोटं पुरत नाहीत. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून किनाऱ्यानं जाणाऱ्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं ऐकतोय. मुख्यमंत्री गेले, त्यानंतर कितीतरी आले, खाड्यांवरचे काही पूल झाले, काही अजून व्हायचेत. मध्यंतरी कोकण द्रुतगती महामार्गाची घोषणा झाली, तो पनवेलकडून सिंधुदुर्गापर्यंत, अगदी नव्या आखणीचा. आता हा देवीच्या नावाचा. आणि या सगळ्यांच्या आधीचा आमचा सतरा नंबर, ज्याचं नाव मधल्या काळात बदलून सहासष्ट झालं. काकूंच्या मते सरकारनं या रस्त्याचं वेळेवर पूर्ण केलेलं काम हेच, नंबर बदलण्याचं.

"आणि खर्च किती म्हणतात?" काकूंनी विचारलं, पेपर समोर असून.

"सगळा मिळून ८६ हजार कोटींच्या घरात. नुसती जागा घ्यायला आणि आखणीला २० हजार ७८७ कोटी मंजूर झालेत."

"ते सत्त्याऐंशी कसे गं एवढे नेमके?"

"एस्टिमेट असतं," अण्णा पडवीतून म्हणाले. "एस्टिमेट नेमकंच काढतात. पुढं ते वाढतं तेव्हा गोल होतं."

मला स्वतःला कोटी हा प्रकार समजत नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, फळ्यावर कोटीची शून्यं हजारदा काढली, तरी समजत नाही. हजार कोटी आणि दहा हजार कोटी ऐकताना माझ्या डोक्यात सारखंच चित्र येतं, गुंतवळ्यासारखं. पण तारीख समजते. दूध कधी येणार, गॅस कधी येणार, मुलगा कधी येणार, हे ज्याला समजतं त्याला तारीख समजते. म्हणून आमच्यासारखी माणसं सरकारला पैशानं मोजत बसत नाहीत, तारखेनं मोजतात. सरकारचा हिशेब लेखापरीक्षक तपासत असतील. आमच्या गडग्यावर तपासल्या जातात त्या तारखा.

तर त्या तारखा. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा. काम सुरू झालं २०११ मध्ये. तीन वर्षांत होणार होतं. तेव्हा आमचा भाचा दहावीत होता आणि बापाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून नागोठण्यापासून उलट्या करत यायचा. आज गाडी तो चालवतो आणि मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी बसते. उलट्यांची जागा तीच आहे. मधल्या काळात बांधकाममंत्री येऊन पाहणी करून गेले, गणपतीपूर्वी निदान एक बाजू करतो म्हणाले. २०२३ चा डिसेंबर झाला, २०२४ चा डिसेंबर झाला, मग दिल्लीहून २०२५ चा जून कळवला गेला. ओवेस पेचकर नावाचे वकील हे प्रकरण घेऊन उच्च न्यायालयात गेले. तिथंही सरकारनं तारखा दिल्या. कोर्टात तारखांना तोटा नसतोच, तिथं तर त्या जास्तच शोभल्या.

"तुम्ही सगळे खात्याला बोल लावता," अण्णा खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "पण तुझ्या सासरच्या सातबाऱ्यावर किती नावं होती, ते सांग."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. एकतीस होती.

हे सांगायलाच हवं, कारण रस्ता रखडल्याची चर्चा आपण करतो तेव्हा आपला सातबारा घडी घालून कपाटात असतो. कोकणातली जमीन म्हणजे हातरुमालाएवढी आणि तिला हिस्सेदार लग्नाच्या पंगतीएवढे. निम्मे मुंबईत, दोघं बडोद्याला, एक आत्या कोणत्या साली वारली यावर घरात एकमत नाही. थ्री-ए ची नोटीस आली, थ्री-डी ची आली, मोजणीवाले आले, आणि मोबदला प्रांत कार्यालयात येऊन पडला तरी आमच्यातला एक चुलतभाऊ सही करेना. का, तर १९८२ साली त्याच्या वडिलांना आंब्याचा वाटा कमी आला होता. वर्ष गेलं त्यात. शेवटी अण्णांनीच त्याला गिरगावात जाऊन समजावलं. मोबदला बरा मिळाला, ते नाकारून चालणार नाही. २०१५ नंतर महामार्गाच्या जमिनींनाही नव्या भूसंपादन कायद्याचे दर लागू झाले. खळ्याच्या त्या पट्टीचे जेवढे पैसे आले तेवढे आजेसासऱ्यांनी जन्मात पाहिले नव्हते. आम्ही त्यात घरावरची कौलं उतरवून स्लॅब घातला. आता तो गळतो, ती गोष्ट वेगळी. तो सरकारनं घातलेला नाही.

"तेच सांगतोय," अण्णा म्हणाले. "जमीन एक. कर्नाळ्याला पक्ष्यांचं अभयारण्य, तिथं जंगल खात्याची परवानगी, ते दुसरं. घाटात डोंगर कापायला गेलं की माती खाली येते. परशुराम घाट २०२२ च्या उन्हाळ्यात रोज दुपारी बंद ठेवून काम करावं लागलं, आठवतंय ना?"

"आठवतंय की," काकू म्हणाल्या. "चिरणीवरून फिरून गेलो होतो लग्नाला. अक्षता संपल्यावर पोचलो."

"त्यातून पैसा कसा येतो, ते कुणी विचारत नाही. या कामांतली काही हायब्रीड पद्धतीची. काम चालू असताना सरकार चाळीस टक्के देणार. साठ ठेकेदारानं बँकेतून उभे करायचे, आणि ते त्याला पुढं वर्षानुवर्षं हप्त्यांनी मिळणार. आता ठेकेदार मुळात टेंडर भरतो ते बिलो. सगळ्यात कमी भरील त्याला काम. कमी भरून काम घेतलेल्याला बँक हात आखडते. बँक आखडली की ह्याची मशीन उभी. ह्याची उभी की पोटठेकेदाराची उभी."

"पोटठेकेदाराची उभी की आमच्या दिरांचा डंपर उभा," मी म्हटलं.

तो समोरच उभा होता. गणपतीच्या दिवसांत अवजड वाहनांना महामार्गावर बंदी असते, पण दिरांच्या डंपरला त्या बंदीची गरज नव्हती. आठ महिन्यांचं बिल थकलंय. त्याच्या मागच्या फाळक्यावर कोंबड्या बसतात. आमच्या गावात असे सात डंपर, दोन जेसीबी आणि एक पाण्याचा टँकर आहे, आणि त्यातला प्रत्येक जण रस्त्यात पैसे खाल्ले जातात असं छातीठोकपणे सांगतो. खडीच्या ब्रासमागे कोण किती मारतं हेही सांगतो. कसं माहीत, असं विचारलं की विषय बदलतो.

"मामी, कोलाड." हा फोन साडेअकराला. मागे मुलगी रडत होती.

काकूंनी पत्रीची परडी आत नेऊन ठेवली आणि परत आल्या. आल्या त्या नवा मुद्दा घेऊनच. काकूंचं माहेर कणकवलीचं, आणि माहेरचा विषय त्या फार वेळ दूर ठेवू शकत नाहीत.

"जमीन, जंगल, डोंगर, बँक. बरं. मग खारेपाटण ओलांडलं की रस्ता गुळगुळीत कसा होतो? तिकडे काय सातबाऱ्यावर एकेकच नाव असतं? तिकडे डोंगर नाहीत? का माझ्या माहेरी पाऊस पडत नाही?"

या प्रश्नाला मी स्वतः पैकीच्या पैकी गुण देईन. सिंधुदुर्गातला महामार्ग आमच्याकडच्या कितीतरी आधी पूर्ण झाला. खात्याचं दार एकच, पाऊस एकच, जांभा एकच. आमचे आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे दोन तुकडे मात्र मागे पडले ते पडलेच. ठेकेदार बदलावे लागले. म्हणजे कारणं खरी आहेत, पण ती सगळीकडे सारखी लागू होत नाहीत. आणि जिथं लागू होत नाहीत तिथली गोष्ट कुणी सांगत नाही. आमच्या मनात पाल चुकचुकते ती इथं.

अण्णांनी थोडा वेळ घेतला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "तिकडे भूसंपादन लवकर आवरलं. आणि माणूस बरा मिळाला."

"म्हणजे नशीब," काकू म्हणाल्या. "एवढे कोटी नि शेवटी पत्रिका जुळली तर जुळली."

"आणि टक्केवारी?" मी हळूच विचारलं. उपासाच्या दिवशी खोटं बोलत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच विचारलं.

"असणारच," अण्णा म्हणाले.

"तुमच्या वेळी नव्हती?"

अण्णांनी केळीकडे पाहिलं. केळीला नुकताच लोंगर आला होता, पाहण्यासारखा होता.

"यांच्या वेळी आंब्याच्या पेट्या यायच्या," काकूंनी परस्पर सांगून टाकलं. "आपल्या घरी एवढी कलमं असताना. मी म्हणायचे, अहो, परत करा. तर म्हणायचे, वाईट दिसतं. एकदा तर पेटीवर नाव बघितलं, आमच्याच बागेतला आंबा दलालाकडून फिरून आला होता."

अण्णा खोकले. पण या वेळी हसण्याचा नव्हता.

अण्णांची बाजू मला इथं घ्यावीशी वाटते. त्यांनी बांधलेल्या दोन मोऱ्या आणि एक साकव अजून आहेत. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, आमच्या नदीनंही त्या दिवशी साकवाचे कठडे नेले, पण साकव राहिला. पाणी उतरल्यावर अण्णा छत्री घेऊन गेले आणि साकवावर मधोमध उभे राहून आले. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, तारीख सोळा, चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचे गर्डर लाँचरसकट खाली आले, तेव्हा ते एसटीनं मुद्दाम बघायला गेले. नशिबानं माणूस कुणी दगावलं नाही. परत आले ते दोन दिवस काकूंशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "खांब लांब लांब घेतलेत." पुढं सरकारनंही आराखडा बदलला आणि मधे खांब वाढवायचे ठरवले. त्या दिवशी काकूंनी सगळ्या गावाला सांगितलं की आमच्या ह्यांनी आधीच सांगितलं होतं. आधी नव्हे, नंतर सांगितलं होतं. पण ते जाऊ दे.

दुपारचे दोन. "मामी, माणगाव आलं. म्हणजे यायला लागलंय. पाटी दिसतेय."

"इंदापूर आणि माणगावचा बायपास झाला असता तर बाहेरच्या बाहेर सुटला असता," अण्णा म्हणाले आणि वहीत काहीतरी टिपलं.

माणगाव म्हटलं की आमच्या घरातलं वातावरण बदलतं. नव्या चार पदरांवरून सुसाट आलेल्या सगळ्या गाड्या तिथं एका बाजारपेठेच्या रस्त्यात शिरतात. काकूंचं म्हणणं, हे म्हणजे चार घागरींचं पाणी एका झारीतून ओतण्यासारखं.

"तो महाडचा पूल किती दिवसांत झाला होता?" काकूंनी एकदम विचारलं.

कुठला पूल हे सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६. रात्री, पुरात, सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल वाहून गेला. जयगडची आणि राजापूरची एसटी गेली, खासगी गाड्याही गेल्या. राजापूर-बोरिवली आमच्या फाट्यावर थांबा घेऊन पुढं जाते. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस फाट्यावर त्या वेळेला कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या जागी नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. १६५ दिवसांत बांधला म्हणून सरकारनं सांगितलं, आणि ते खरं होतं.

"म्हणजे यांना येतं," काकू म्हणाल्या. "येत नाही असं नाही."

"एका जागेचं काम होतं ते," अण्णा म्हणाले. "जमीन घ्यायची नव्हती. सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं."

"मग आमच्याकडे लक्ष जायला काय व्हायला पाहिजे?"

यावर अण्णा काही बोलले नाहीत आणि मीही नाही. काकूंनाही ते फार मोठ्यानं बोललं गेलं असं वाटलं असावं. त्या केळीची पानं पुसायला लागल्या.

मला राहून राहून रेल्वे आठवत होती. ऐंशीच्या दशकात कोकणात रेल्वे येणार म्हटलं की माणसं अशीच हसायची. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ निघालं, श्रीधरन आले, लोकांकडून रोख्यांनी पैसे उभे केले. पाच वर्षांत गाडी धावेल म्हणाले, २६ जानेवारी १९९८ उजाडली. खर्चही मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढं, साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला. उशीर झाला, पैसा वाढला, बोगद्यांत माती कोसळली, माणसं दगावली. पण त्याबद्दल आज गडग्यावर कुणी कुरकुर करत नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आमच्या डोळ्यांसमोर खणला गेला. बोगद्यात पाणी लागलं की तालुक्याला कळायचं, काम अडलं की का अडलं ते कळायचं, आणि विचारायला माणूस होता. आमच्या सासऱ्यांची पोफळीची बाग त्यात गेली होती. शिव्या देत त्यांनी ती दिली आणि पहिल्या गाडीला हार घालायला स्वतः गेले.

महामार्गाचं तसं नाही. विचारायचं कुणाला? केंद्राचं प्राधिकरण म्हणतं इंदापूरपर्यंत आमचं, पुढचं राज्याच्या बांधकाम खात्याचं. खातं म्हणतं ठेकेदाराला नोटीस दिलीय. ठेकेदार म्हणतो बिल अडकलंय. पोटठेकेदाराचा फोन लागत नाही. उरतो तो झेंडा हलवणारा झारखंडचा पोरगा. गेल्या पावसाळ्यात काकूंनी त्यालाच झापलं होतं, मग त्याचं तोंड बघून घरात बोलावून चहा दिला.

"फाट्यावर बोर्ड आहे ना," अण्णा म्हणाले. "कामाचं नाव, लांबी, किंमत, सुरू केल्याची तारीख, संपवायची तारीख, दोषदायित्व किती वर्षं, सगळं लिहिलेलं असतं. एवढी वर्षं तिथून जाता, कुणी वाचलाय? काम झाल्यावर अमुक वर्षं खड्डा पडला तर ठेकेदारानं पदरचे पैसे घालून बुजवायचा असतो. लेखी असतं ते. कुणी एकानं अर्ज केलाय?"

टोचलं मला. संशय घेणं स्वस्त झालंय हे खरंच. चहाबरोबर मिळतो. सगळे चोर, असं एकदा म्हटलं की कुठला कागद वाचायची गरज राहत नाही, आणि ज्याला खरंच चोरायचं असेल त्याचीही सोय होते. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्काच वाढलं असं छापून आलं, तेव्हा किती गदारोळ झाला. ७० हजार कोटी हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ झाला. मग श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात चित्र वेगळंच होतं. ती आमच्या गावात कुणी वाचली? मी नाही वाचली. आकडा पाठ आहे.

म्हणून तिसऱ्या प्रहरी दूर्वा कमी पडल्या या निमित्तानं मी फाट्यावर जाऊन आले. बोर्ड होता. त्याच्यावर वीस फुटी बॅनर लावलेला होता. 'कोकणात येणाऱ्या तमाम गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत', खाली हात जोडलेले अकरा चेहरे. मी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि बॅनरची खालची दोरी सोडून कोपरा वर केला. बॅनरमागं लाल गंजाचे ओघळ होते. कामाची लांबी वाचता आली. किंमत निम्मी वाचता आली. संपवायच्या तारखेच्या जागी कुणीतरी पुण्याच्या नीट क्लासचं पत्रक चिकटवलेलं होतं.

परत येऊन सांगितलं तर काकू गडग्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पाणी पोटात नव्हतं, डोळ्यांत कुठून आलं कोण जाणे.

"मामी, अजून माणगाव." पाच वाजले होते.

आता त्या वहीचं. अण्णांनी नोकरीत आयुष्यभर एम.बी. लिहिली. एम.बी. म्हणजे मोजमापाची वही. काम किती झालं ते जागेवर जाऊन टेपनं मोजायचं, त्यात लिहायचं, आणि त्यावर बिल निघायचं. खोडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही. निवृत्त झाल्यावर सवय जाईना म्हणून त्यांनी तसलीच एक वही स्वतःसाठी घातली. तिच्यात पाऊस असतो, कलमावरची पहिली तोड असते, विहिरीची पातळी असते. आणि दर भाद्रपदात एक ओळ आमच्या भाच्याच्या प्रवासाची. डोंबिवली सोडल्याची वेळ, आमच्या फाट्यावर पोचल्याची वेळ. गेली पंधरा वर्षं. रात्री आरती झाल्यावर, हरतालिकेच्या जागरणाला काकू आमच्याकडे आल्या, तेव्हा अण्णाही वही घेऊन आले आणि त्यांनी वाचून दाखवली.

२०१०, काम सुरू व्हायच्या आधी : साडेनऊ तास. २०१३ : अकरा. २०१६ : वळसा घालून, चौदा. २०२० : आला नाही, कोरोना. २०२३ : कशेडीच्या बोगद्याची एक बाजू उघडली, घाटातली पाऊण तासाची चढण दहा मिनिटांवर आली, पुढं कंसात 'वाचलेला वेळ माणगाव येथे खर्च'. २०२४ : सतरा तास पन्नास मिनिटं.

"शाई कुठली वापरता अण्णा, पुसत नाही ती?" मी विचारलं.

"खात्याचीच," काकू म्हणाल्या. "येताना दोन दौती आणल्या होत्या."

पावणेबाराला फाट्यावर दिवे वळले. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, अंगावर उलटीचा वास, हातात कोलाडला घेतलेलं फुगा बांधलेलं काठीचं खेळणं, फुगा गेलेला. भाचा उतरला तो सरळ ओटीवर आडवा झाला. "मामी, माणगावात साडेतीन तास," एवढंच म्हणाला.

अण्णांनी विजेरी तोंडात धरली आणि ओटीच्या कठड्यावर वही ठेवून लिहिलं : २६ ऑगस्ट २०२५. सुटला ६.३०. पोचला २३.४५. सतरा तास पंधरा मिनिटं.

खाली सही केली. शेरा हा रकाना रिकामा सोडला.